कॉमन अ‍ॅपचा अ‍ॅक्टिव्हिटीज सेक्शन: जे जमलं नाही ते लिहायचं की गाळायचं?

माझी मुलगी बारावीत आहे, आम्ही नाशिकचे, आणि तिने अमेरिकेतल्या कॉलेजांना अंडरग्रॅडसाठी अप्लाय केलंय. आमच्या ओळखीतले जे जे आईबाबा यातून जातायत त्या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, की मुलाने मनापासून केलं पण यश नाही आलं, स्पर्धेत हरला, सुरू केलेलं बंद पडलं, सिलेक्शन झालं नाही, तर ते फॉर्मवर दाखवायचं का, की त्याने उलट इम्प्रेशन खराब होईल? म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय, कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांच्या एकत्रित प्रवेश फॉर्मचा, आणि त्यातही मुख्यतः त्या अ‍ॅक्टिव्हिटीजच्या पानाचा, जिथे मुलाने अभ्यासाबाहेर काय केलं ते लिहायचं असतं. आम्ही एक कौन्सेलिंगचं पॅकेजही घेतलं होतं, त्याबद्दलही लिहिणार आहे पण नाव देणार नाही, कारण यश न आलेलं गाळा नाहीतर फुगवा असा जो सल्ला आम्हाला मिळाला तो बऱ्याच ठिकाणी मिळतो असं इतर पालकांकडून ऐकलंय.

माझं मत आधीच सांगते. लिहा. पण ज्यात मुलाचा वेळ खरंच गेलाय आणि ज्याबद्दल तो काय केलं ते स्वतः सांगू शकतो तेवढंच लिहा. आणि असं का म्हणतेय ते तो फॉर्म नीट वाचला की कळतं, फॉर्म कोणी नीट वाचत नाही हाच प्रॉब्लेम आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉमन अ‍ॅप्लिकेशन 1975 मध्ये 15 कॉलेजांनी मिळून सुरू केलं, आता हजाराच्या वर कॉलेजं त्यात आहेत, एकदा फॉर्म भरायचा आणि जास्तीत जास्त 20 कॉलेजांना पाठवता येतो. दरवर्षी 1 ऑगस्टला नवीन फॉर्म उघडतो. अकाउंट फुकट आहे, फी कॉलेज घेतं, प्रत्येकाची वेगळी. वेबसाइट साधी आहे, भरलेलं आपोआप सेव्ह होतं, हे सगळं ठीक आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता अ‍ॅक्टिव्हिटीज. जास्तीत जास्त 10 टाकता येतात. प्रत्येकीत आधी प्रकार निवडायचा, मग 50 कॅरेक्टरमध्ये तुमची पोझिशन, 100 कॅरेक्टरमध्ये संस्थेचं नाव, आणि 150 कॅरेक्टरमध्ये काय केलं ते. कॅरेक्टर म्हणजे अक्षरं, स्पेस आणि पूर्णविराम धरून, शब्द नाही हां, हे पहिल्यांदा बघताना सगळेच दचकतात. मग कुठल्या इयत्तेत केलं, नववी ते बारावी, शाळा चालू असताना की सुट्टीत की वर्षभर, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे. आणि शेवटी कॉलेजात गेल्यावर असंच काही करायचा विचार आहे का. बस.

यात बघा, निकालासाठी वेगळा रकानाच नाही! नंबर कितवा आला, मेडल मिळालं का, सिलेक्ट झालात का, असं वेगळं काही त्या पानावर विचारलेलं नाही, वर्णनात काय साधलं आणि काही सन्मान मिळाला असेल तर तोही लिहा एवढंच म्हटलंय. त्यासाठी वेगळा ऑनर्सचा भाग आहे, त्यात पाच जागा, 100 कॅरेक्टरच्या, तिथे राज्य की राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय अशी लेव्हल निवडायची असते. म्हणजे बनवणाऱ्यांनीच दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात, मिळालेलं एका ठिकाणी आणि केलेलं दुसऱ्या ठिकाणी. आपण मात्र दोन्हीकडे बक्षिसंच लिहायला बसतो, कारण आपल्याला सवयच तशी आहे, आपल्याकडे शाळेच्या वार्षिक अंकात फोटो येतो तो जिंकणाऱ्यांचाच येतो, आणि पुढे जेईई, नीट, सीईटी, तिथे तर मार्क आणि रँक सोडून कोणी काही विचारतच नाही. त्यामुळे दहावीनंतर खेळ सोडलेली मुलं आपल्या अवतीभवती इतकी असतात, आणि ज्याने नाही सोडला त्याला घरचेच विचारतात की यातून काय मिळणार आहे.

मुलीचं उदाहरण देते म्हणजे नेमकं कळेल. ती पाचवीपासून खो-खो खेळते. शालेय स्पर्धांमध्ये तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते, त्यांची टीम जिल्ह्याच्या पुढे कधीच गेली नाही. ती कॅप्टनही नव्हती. रोज सकाळी शाळेच्या आधी ग्राउंडवर, पाऊस असेल तर हॉलमध्ये, आणि दहावीलाही तिने सोडलं नाही. कौन्सेलर मॅडमनी यादी बघितली आणि पहिली काट खो-खोवर मारली, म्हणे डिस्ट्रिक्टला हरलेली टीम दाखवून काय उपयोग, अमेरिकेत हा गेमही कोणाला माहीत नाही, त्यापेक्षा एखादा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स टाकू. मला हे अजिबात पटलं नाही. आठवड्याला आठ तास, वर्षाला चाळीस आठवडे, चार वर्षं, हा आकडा त्या फॉर्मवर स्वतःच बोलतो. दोन शनिवारच्या कोर्सच्या समोर आठवडे-तासांच्या रकान्यात काय लिहिणार?

शेवटी तिने खो-खो यादीत तिसऱ्या नंबरवर टाकला. आणि एक गोष्ट आम्हाला उपयोगी पडली ती सांगते: खेळ समजावण्यात 150 कॅरेक्टर घालवू नका, संस्थेच्या नावाच्या 100 मध्ये शाळेच्या नावापुढे जागा उरते तिथे भारतीय पाठलागाचा सांघिक खेळ एवढं घातलं की काम झालं, पोझिशनमध्ये चेसर, आणि मग 150 पूर्ण मोकळे राहतात. तिने इंग्रजीत जे लिहिलं ते साधारण असं, चार वर्षं पोल डाइव्हचा सराव, नवीन मुलींना खो देताना पायाची जागा शिकवली, दोनदा जिल्ह्यापर्यंत खेळलो. हरलो असं लिहिलं नाही आणि जिंकलो असंही लिहिलं नाही. जिल्ह्यापर्यंत खेळलो यात सगळं आलं, वाचणाऱ्याला कळतं, आणि कोणाला फसवलेलंही नाही. अपयश लिहायचं म्हणजे फेल झालो म्हणून जाहीर करायचं असा समज करून घेऊ नका, 150 कॅरेक्टरमध्ये खंत व्यक्त करायला जागाच नसते, हाताने काय केलं तेवढंच बसतं आणि ते बरंच आहे.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. अकरावीत तिने आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायचं सुरू केलं. सेक्रेटरी काकांची परवानगी, ड्रम आणले, घरोघरी जाऊन सांगितलं, पहिले काही आठवडे छान चाललं आणि मग पावसाळा आला. ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल, स्वयंपाकघरातला कचरा नुसता टाकून चालत नाही, त्यात सुकी पानं, भुसा, नारळाच्या शेंड्या असं कोरडं बरंच घालावं लागतं, नाहीतर ते सगळं ओलं होऊन हवा जात नाही आणि मग सडतं, वास सुटतो. जुलैत सुकी पानं आणायची कुठून? वरून ड्रममध्ये अळ्या झाल्या, त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या होत्या, खताला चांगल्याच असतात खरं तर, कचरा झपाट्याने खातात, पण ग्राउंड फ्लोअरच्या मावशींना ते कसं पटणार, त्यांच्या खिडकीखालीच ड्रम. गणपतीच्या आधी मीटिंग झाली आणि ड्रम उचलले. तिला फार लागलं ते. घरोघरी जाऊन जिने समजावलं तिलाच मग घरोघरी जाऊन सांगावं लागलं की उद्यापासून परत घंटागाडीत टाका.

याचं काय करायचं यावर आमचं आणि कौन्सेलिंगवाल्यांचं खरं वाजलं. त्यांचं म्हणणं, एकतर हे पूर्ण गाळा, नाहीतर चालू आहे असं दाखवा, फाउंडर लिहा, नाव द्या काहीतरी, अमुक इतक्या कुटुंबांवर परिणाम झाला असा आकडा टाका, कोण तपासायला येतंय नाशिकला! हे ऐकून मी तरी हबकले. पैसे घेऊन मुलांना हे शिकवायचं? अहो, सबमिट करताना त्या फॉर्मवर मुलाला सही करावी लागते की सगळी माहिती खरी आहे, आणि खोटी निघाली तर मिळालेली अ‍ॅडमिशन रद्द होऊ शकते, पुढे कॉलेजात शिकत असतानाही काढू शकतात. आणि हे नुसतं कागदावर नाही. 2019 मध्ये अमेरिकेत व्हर्सिटी ब्लूज नावाने जे प्रकरण बाहेर आलं त्यात हेच होतं, जी मुलं तो खेळ खेळतच नव्हती त्यांना खेळाडू म्हणून दाखवलं होतं, कोचना पैसे चारले होते, त्यात पालकांना तुरुंगवास झाला आणि ते सगळं चालवणारा जो अ‍ॅडमिशन कन्सल्टंट होता, रिक सिंगर, त्याला जानेवारी 2023 मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. सोसायटीतल्या खताचा ड्रम आणि ते प्रकरण एका मापाचं नाही हे मलाही कळतं. पण सतरा वर्षांच्या मुलीला पहिलं पाऊल तिकडे टाकायला कोणी सांगत असेल तर आईने तिथेच थांबवलं पाहिजे असं मला वाटतं.

मुलगीच म्हणाली, आई, मी जे झालं तेच लिहिणार. तिने लिहिलं की सोसायटीत खत प्रकल्प सुरू केला, रोजच्या कचऱ्याचं वजन आणि ड्रमचं तापमान नोंदवलं, पावसाळ्यात वासामुळे बंद करावा लागला, कारणांची नोंद करून कमिटीला दिली. एवढंच. कारणं लिहून कमिटीला दिलेली हे खरंच आहे, तीन पानं होती. मला तर यादीतली सगळ्यात भारी ओळ तीच वाटते, कारण ती वाचून पुढे विचारावंसं वाटतं.

आणि मग ती मोठी करायला जागा आहे. कॉमन अ‍ॅपचा मुख्य निबंध असतो, जास्तीत जास्त 650 शब्द, सात विषयांतला एक निवडायचा, त्यातला दुसरा विषय सरळसरळ हाच आहे की एखादं आव्हान, अडचण किंवा अपयश सांगा, त्याचा काय परिणाम झाला आणि काय शिकलात. ज्या फॉर्मने अपयशासाठी वेगळा विषयच ठेवलाय तिथे हरलेलं लपवा म्हणणारे लोक फॉर्म तरी वाचतात का असा प्रश्न पडतो. फक्त निबंधात एक सांभाळा. मुलं अपयश दोन ओळीत सांगतात आणि मग पाचशे शब्द काय काय शिकलो त्याचं प्रवचन लिहितात, जिद्द, चिकाटी, टीमवर्क वगैरे. तिचा पहिला ड्राफ्टही असाच होता, तिच्या मराठीच्या मॅडमनी वाचला आणि विचारलं, यात मावशी कुठेत? मग तिने मावशींशी झालेलं बोलणं लिहिलं, त्यांना दम्याचा त्रास होता आणि त्यांनी आधी दोनदा सांगितलं होतं ते तिने मनावर घेतलं नव्हतं, हे लिहिलं, आणि तो निबंध एकदम तिचा झाला. त्यासाठी मॅडमनी काही फी घेतली नाही.

अजून दोन छोट्या जागा आहेत. अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन म्हणून एक भाग आहे, पूर्वी 650 शब्द असायचे, 2025-26 पासून फर्स्ट इयरला जाणाऱ्यांसाठी 300 केलेत. आणि चॅलेंजेस अँड सर्कमस्टन्सेस म्हणून 250 शब्द. काही घरच्या कारणाने, आजारपणाने, बदलीमुळे काही अर्धवट सुटलं असेल तर ते या दुसऱ्या ठिकाणी लिहा, साध्या भाषेत, काय झालं आणि कधी. स्पर्धेत नंबर का आला नाही याचं स्पष्टीकरण तिथे देत बसू नका, ते रडगाणं वाटतं. आमचं रिकामं सोडलं, रिकामं सोडलं म्हणून काही बिघडत नाही.

आता काय लिहू नये तेही सांगते. मुलीने आयओक्यूएम दिली होती, गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, तीन तास, तीस प्रश्न, 100 मार्क, पुढच्या पायरीसाठी, म्हणजे आरएमओसाठी, सिलेक्शन नाही झालं. ही परीक्षा दिली आणि पास नाही झाले हे कुठेच लिहायचं नाही, ऑनर्समध्ये तर नाहीच, कारण परीक्षा देणं हा काही ऑनर नाही. पण ती आणि तिच्या दोन मैत्रिणी दर रविवारी बसून जुने पेपर सोडवायच्या, एकमेकींना फळ्यावर समजावायच्या, आणि परीक्षा झाल्यावरही ते थांबलं नाही, ते मात्र अ‍ॅक्टिव्हिटी म्हणून टाकलं. तसंच जिथे नाव दिलं आणि दोन मीटिंगनंतर गेलोच नाही ते टाकू नका. दहा जागा आहेत म्हणून दहा भरायच्या असंही नाही, 2016 मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या मेकिंग केअरिंग कॉमन प्रकल्पाने अ‍ॅडमिशनवाल्यांच्या पाठिंब्याने जो रिपोर्ट काढला त्यात हेच म्हटलंय, की दोनतीन मनापासून केलेल्या गोष्टींपेक्षा जास्त दाखवायचं दडपण मुलांवर नसावं. माझ्या मुलीच्या सात झाल्या. सातवी घरची जबाबदारी, आजीला डायलिसिसला घेऊन जाणं, त्यासाठी फॉर्ममध्ये फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज असा प्रकारच आहे, आपल्याकडची मुलं हे इतकं करतात आणि ते सांगण्यासारखं काही आहे हेच त्यांना माहीत नसतं. हे वाचून एका जरी मुलाने ते लिहिलं तर मला बरं वाटेल.

सगळे फॉर्म सारखे नसतात हेही ध्यानात ठेवा. एमआयटी कॉमन अ‍ॅपमध्ये नाही, त्यांचा स्वतःचा फॉर्म आहे आणि त्यात फक्त चार अ‍ॅक्टिव्हिटीज मागतात, तिथे कस लागतो, आणि तिथेही न ठरवता समोर आलेल्या अडचणीबद्दल एक छोटा निबंध असतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा वेगळा, तिथे अ‍ॅक्टिव्हिटी आणि अवॉर्ड मिळून 20 जागा आणि वर्णनाला 350 कॅरेक्टर, दुप्पटीहून जास्त, त्यामुळे बंद पडलेल्या प्रकल्पाचं कारणसुद्धा नीट सांगता येतं, या बाबतीत मला तो फॉर्म कॉमन अ‍ॅपपेक्षा चांगला वाटला. इंग्लंडच्या यूकासचं, म्हणजे तिथल्या युनिव्हर्सिट्यांच्या एकत्रित फॉर्मचं, गणित आणखी वेगळं, 2026 च्या प्रवेशापासून तिथे पर्सनल स्टेटमेंट तीन प्रश्नांत विभागलंय, एकूण 4000 कॅरेक्टर, आणि त्यांना मुख्यतः तुम्ही निवडलेल्या विषयाशी देणंघेणं असतं. एन्व्हायर्नमेंटल सायन्सला अप्लाय करणाऱ्याने खताचा ड्रम लिहावा, इतिहासवाल्याने तिथे लिहून फायदा नाही.

कुठलं कॉलेज अ‍ॅक्टिव्हिटीजना किती वजन देतं हेही बघता येतं, बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते. कॉलेजचं नाव आणि कॉमन डेटा सेट असं सर्च करा, त्यात सी7 नावाचा तक्ता असतो, मार्क, निबंध, शिफारसपत्र, एक्स्ट्राकरिक्युलर, स्वभाव, अशा एकेका गोष्टीपुढे अतिमहत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, घेत नाही अशी खूण असते. काही मोठ्या सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये मार्कांवरच भर असतो, तिथे या सगळ्यावर रात्री जागवू नका.

शिक्षकांच्या शिफारसपत्रांचंही तेच. ज्या शिक्षकांनी मुलाला हरताना बघितलंय त्यांना पत्र द्यायची विनंती करा. आपल्याकडे पहिला आलेल्या विषयाचे सर गाठतात. तिच्या फिजिक्सच्या सरांना आम्ही कचऱ्याच्या वजनाची वही दाखवली, तापमानाचे ग्राफ तिने त्यांच्याच तासाला शिकून काढले होते, ते त्यांना आठवत होतं. त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला माहीत नाही, बघायचंही नसतं, पण लिहायला त्यांच्याकडे काहीतरी होतं. आणि काही कॉलेजं इंटरव्ह्यू घेतात, तिथे फुगवलेल्या गोष्टीवर दोन प्रश्न आले की मूल अडकतं, खो-खोवर मात्र ती अर्धा तास बोलू शकते.

आता रेटिंग. कॉमन अ‍ॅपला पाचपैकी चार. एक स्टार कापला तो 150 कॅरेक्टरसाठी, आणि खेळाच्या प्रकारात ज्युनियर व्हर्सिटी, व्हर्सिटी (शाळेची दुय्यम आणि मुख्य टीम) आणि क्लब असं जे आहे ते आपल्या तालुका-जिल्हा पद्धतीला लागू पडत नाही त्यासाठी, आम्ही शाळेची टीम म्हणून व्हर्सिटीच निवडलं. कौन्सेलिंग पॅकेजला दोन. तारखा, कॉलेजची यादी, फीचं प्लॅनिंग हे त्यांनी व्यवस्थित केलं, वेळेवर फोन यायचे, त्याचे दोन. बाकीचे तीन मुलांच्या खऱ्या मेहनतीवर काट मारल्याबद्दल कापले. पॅकेज घ्यायचंच असेल तर आधी त्यांना विचारा, माझ्या मुलाची बंद पडलेली एक गोष्ट आहे, तिचं काय कराल, आणि उत्तर ऐकून मगच पैसे भरा.

कुठे अ‍ॅडमिशन मिळाली ते विचाराल तर निकाल अजून यायचेत, आणि आले तरी खो-खोमुळे मिळालं किंवा ड्रममुळे हुकलं असं कोणालाच सांगता येणार नाही, त्यामुळे त्या हिशोबाने हा रिव्ह्यू वाचू नका.

एक शेवटचं, कामाचं. अ‍ॅक्टिव्हिटीजचा क्रम वरखाली करता येतो, सगळ्यात महत्त्वाची वर ठेवायची असते, तो क्रम मुलाला स्वतः लावू द्या, आपण बक्षिसावरून लावतो. आणि सबमिटच्या आधी पीडीएफ प्रिव्ह्यू येतो तो मोठ्या स्क्रीनवर उघडून एकदा शेवटपर्यंत वाचा, मोबाइलवर नको, वर्डमधून पेस्ट केलेलं असलं की शेवटचा शब्द तुटलेला राहतो आणि लक्षातच येत नाही.